आतला अडसर

खर्र... रिकाम्या रांजणाच्या तळाशी तवली घासली, आणि भैरवकड्यावरची पहाटेची शांतता तेवढ्याने चरकली. गडावरच्या घराघरांत आता हाच आवाज होत असे. खाली दरीत, धुक्याच्या पदराआडून, शत्रूच्या राहुट्या पांढऱ्या आळंब्यांसारख्या उगवत होत्या. सगुणेने तळचे दाणे खरवडले, लेकीच्या, चिमीच्या इवल्या मुठीत दिले आणि मूठ मिटून वरून अलगद दाबली, जणू दाबल्याने ते वाढणार होते.

तिचा धनी, सुभानजी खैरे, गडाच्या दरवाजांचा नाईक. दरवाजे दोन होते. मध्ये उंच तटांनी आवळलेली एक वळणाची गल्ली. आतल्या दरवाजाला लागूनच त्यांचे घर होते.

तेवढ्यात बुरुजावरून आरोळी आली. "कुमक आली."

भगवी निशाणे, ओझ्याचे बैल, दोनतीनशे माणूस. वेढ्याचे मोर्चे कापून ते गडाची वाट चढत होते.

गडाच्या सदरेवर एक जुनी रीत होती. मसलत बसली की सर्वांत धाकट्या मानकऱ्याने आधी बोलावे, किल्लेदाराने सर्वांच्या शेवटी. कारण थोरल्याचे मत एकदा कानी पडले की धाकट्यांच्या जिभेला मान डोलावण्यापलीकडे काम उरत नाही. नाईक सर्वांत धाकटा, म्हणून आजवर प्रत्येक मसलतीत पहिला शब्द सुभानजीचा असे. पण त्या सकाळी किल्लेदार हैबतराव घोरतळे, कित्येक रात्रींच्या जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांनी सदरेवर आले आणि बसण्याआधीच बोलून गेले, "श्रींची कृपा. दोन्ही दरवाजे उघडा."

सरनोबताने वाटेकडे पाहिले. एवढे मोर्चे कापून आलेल्या फौजेत एकही जखमी कसा नाही, हे त्याच्या मनात आले, पण शंका काढावी तर भित्रा ठरू, म्हणून तो म्हणाला, "जी, सरकार." सबनिसाच्या मनातही तेच आले, पण सरकारांना काही पक्की खबर असेल, असे समजून तोही म्हणाला, "जी." रोज पहिला बोलणारा आज शेवटी उरला. सुभानजीने ओठ उघडले, मिटले, आणि म्हणाला, "जी."

घरी येऊन त्याने सगुणेला दरवाजाशी नेले.

"बाहेरचा मी उघडतो. आतला तू धर. अडसर घाल."

"हुकूम दोन्हींचा आहे ना?"

"आहे. कुमक खरी निघाली तर उशिराबद्दल शिव्या खाईन. तटावर चढून तुला तोंड दाखवीन, मग काढ. तोंड दिसल्याशिवाय काढायचा नाही."

"एखादा शिपाई ठेवा की इथं."

"शिपाई सोबत्याच्या किंकाळीनं विरघळेल, नाहीतर सरकारांच्या हुकमानं. तू कुणाच्या हुकमातली नाहीस."

"तुमच्या आहे."

"आजवर कधी ऐकलंस माझं?" तो हसला. "आज तेवढं ऐक."

"हे सदरेवर का नाही बोललात?"

त्याने पागोटे नीट केले. "सगळे जी म्हणाले होते," तो म्हणाला, आणि आपली मूठभर माणसे घेऊन निघाला.

बाहेरचा दरवाजा उघडला. निशाणे आत शिरली, बैल आत शिरले, आणि गल्लीच्या वळणावर गोण्या फाटून तलवारी बाहेर आल्या. आतल्या दरवाजावर शत्रूची गर्दी आदळली. अडसर कण्हला, पण हलला नाही. त्या कोंडलेल्या कल्लोळातून सुभानजीचा आवाज तटावर चढला, "धोंडे लोटा. आम्हाला बघू नका, लोटा."

तटावरचे हात क्षणभर अडले, मग त्यांनी धोंडे लोटले.

गल्लीतल्या सोबत्यांना आत घ्यायला आतून धावत आलेले शिपाई अडसराला झोंबू लागले. सगुणा चिमीला पोटाशी धरून अडसराला पाठ लावून उभी होती. "त्यांचं तोंड दिसलेलं नाही," एवढेच ती म्हणत होती. हैबतराव येऊन उभे राहिले आणि कुणीतरी काही बोलेल म्हणून थांबले.

मग फळ्यांपलीकडून हाक आली. "सगुणा."

चारचौघांत त्याने तिचे नाव कधी घेतले नव्हते. एकदाच आली ती हाक. मग नुसते धोंडे.

गड वाचला. निवडक माणसे गमावलेला शत्रू राहुट्या गुंडाळून गेला. सदर भरली, सुभानजीच्या पराक्रमाचे सोन्याचे कडे तबकात घालून सगुणेपुढे ठेवले गेले. सरनोबत हळूच म्हणाला, "मला वाटलंच होतं." सबनीस म्हणाला, "मलाही." हैबतरावांनी मान खाली घातली. "शंका मलाही होती. वाटलं, कुणीतरी अडवील."

डोईवरचा पदर सावरून सगुणा म्हणाली, "सरकार, सगळ्यांनाच ठाऊक होतं, तर मरायला आमच्याच घरचा का गेला?"

तबक तसेच ठेवून ती घरी आली. गडावर धान्य आले होते. तिने भाकरी थापली, कुस्करून चिमीपुढे ठेवली. चिमी खाईना. आईच्या तोंडाकडे पाहत होती.

"आई, बाबांनी तुला हाक मारली होती ना?"

"हो."

"दार नाही उघडलंस ते त्यांनीच सांगितलं होतं. पण ओ का नाही दिलीस?"