हुकुमचंदची चार आवर्तनं

ऐकायचं तर ऐका, पण मान डोलवू नका. जॅझ कळल्यासारखी मान डोलावणारी माणसं मला सोसत नाहीत, आणि गोंदियात ती आता बरीच झाली आहेत.

आमचा चौघांचा अल्बम होता. माझी गिटार, शिवाय पियानो, बास आणि ड्रम. चार जुन्या परदेशी चाली, चार माझ्या स्वतःच्या. ड्रमवर हुकुमचंद, म्हणजे सौंदडच्या लग्नाच्या बँडमधला गडी. दुसरा कोणी मिळाला नाही म्हणून घेतला. शेवटच्या गाण्यात आमची देवाणघेवाण होती : चार आवर्तनं एकटी गिटार, चार एकटा ड्रम, पुन्हा गिटार. हा गाढव दर वेळी शेवटचा ठोका जरासा लांबवायचा आणि मी तोंडघशी पडायचो. रेकॉर्डिंगनंतर पंधरा दिवसांत तो तापाने गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याचं वाजवणं मी मुळापासून पुसलं आणि त्याच्या जागी मशीनचा ड्रम बसवला. अल्बमवर नाव माझं जाणार होतं.

एका दुपारी त्याची बायको सुखवंता आली. राइस मिलच्या ज्या रिकाम्या गोदामात आम्ही वाजवलं होतं, तिथेच मी काम करत बसलो होतो. कोंड्याचा वास, पत्र्याखाली साचलेला उष्मा, कोपऱ्यात हुकुमचंदचा ड्रम तसाच पडलेला, बाहेर कावळासुद्धा नाही.

"भाऊ, आमच्या यायचा वाजवायचा हात एकडाव आयकू द्या," ती म्हणाली. "फोटो त आहे घरी, पण मुका."

"आयका ना वहिनी. सारं तसंच ठेवलं आहे."

मी बेधडक सांगितलं. बँडवाल्याच्या बायकोला मशीन काय आणि माणूस काय! हेडफोन तिच्या कानांवर चढवला आणि शेवटचं गाणं लावलं.

तिने डोळे मिटले. बोटं स्टुलावर हलकेच चालू लागली. मग थांबली. पुन्हा चालली... आणि तिच्या बोटांचा शेवटचा ठोका लांबला.

मी नीट पाहू लागलो. पुढच्या खेपेला तोच ठोका, तेवढाच लांबला. मशीन असं करत नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मशीनच्याच रेघा होत्या, एकसारख्या. हुकुमचंद त्यात कुठेच नव्हता.

गाणं संपलं. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

"यायचाच हात होय... पण भाऊ, तुमी काऊन नाही वाजवून राहिले?"

"म्हणजे?"

"हे वाजवतेत, मंग थांबतेत. तुमची पाळी येते... अन् काहीच नाही."

मूर्ख बाई, असं मनात म्हणत मी गिटार उचलली. तिच्या समोरच वाजवून दाखवणार होतो. तारेवर बोट मारलं. तार थरथरताना दिसली. आवाज आला नाही. पुन्हा मारलं, जोरात.

कोपऱ्यातल्या ड्रमकडे बघत सुखवंता हळूच म्हणाली, "वाजवा ना भाऊ... हे थांबून राहिले."