पाय घसरला, साहेब

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कोर्टात पंखा फिरत होता खरा, पण वारा कुणाच्याच वाट्याला येत नव्हता. आई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात तिचा थोरला. धाकटा घरी अंथरुणाला खिळलेला. भांडणाच्या भरात थोरल्याने त्याच्या डोक्यात लोखंडी गज घातला, तेव्हापासून त्याची वाचाच गेली होती. त्याने एकदा तरी ‘आई’ म्हणावं, एवढ्यासाठी तिने सगळे दवाखाने पालथे घातले होते.

मारताना पाहणारी ती एकटीच. एक मुलगा तर हातचा गेल्यातच जमा होता, निदान दुसरा तुरुंगात जाऊ नये, म्हणून ती काळजावर दगड ठेवून खोटं बोलायला आली होती.

शपथ झाली. सरकारी वकिलांनी काळा कोट सावरला. “बाई, त्या दिवशी काय पाहिलंत?”

“जिन्यावरून पडला तो. पाय घसरला, साहेब.”

टाइप करणारा कारकून थांबला. “एकेकाने बोला हो. दोन आवाज येताहेत.”

शिपायाने मागची बाकं पाहिली. तिथे चिटपाखरूही नव्हतं.

“जुनी इमारत आहे, आवाज घुमतो,” न्यायाधीश वैतागून म्हणाले. “चालू द्या.”

“थोरल्याने मारलं, असं तुम्हीच पोलिसांना सांगितलंत ना?”

“नाही. कुणी मारलं नाही त्याला.”

या वेळी तिलाही ऐकू आलं. शब्द तिचेच, पण तिच्या किंचित आधी कुणीतरी उच्चारलेले. जरासा बसका, तरणा आवाज. तो ऐकायला तिचे कान किती आसुसले होते. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “आई, पुरे,” तो पुटपुटला. “खरं सांगून टाक.”

न्यायाधीशांनी त्याला दटावलं. वकील पुढे सरकले.

“शेवटचं विचारतो, बाई. कुणी मारलं?”

तिने डोळे मिटून घेतले.

“पाय घसरला, साहेब.”

आता आवाज एकच आला. तिचे नुसते ओठ हलले होते.

जामिनावर असलेल्या थोरल्यासोबत ती घरी परतली, तेव्हा धाकट्यापाशी बसवलेली तिची बहीण दारातच उभी होती. “अगं ताई, बोलला तो! दुपारी अचानक बोलायलाच लागला.”

आई चपलांसकट आत धावली. धाकटा उशीला टेकून बसला होता. डोळ्यांत ओळख होती. तिने त्याचा चेहरा ओंजळीत धरला.

“आई म्हण रे बाळा. एकदाच म्हण.”

तो गोड हसला, लहानपणी हसायचा तसा.

“पाय घसरला, साहेब.”

“मी आई आहे रे. दादाने मारलं तुला. मी पाहिलंय. मी खोटं बोलले.”

समजूत काढावी तसा त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला.

“कुणी मारलं नाही त्याला.”

थोरला उंबरा ओलांडून आत आलाच नाही.

धाकट्याने मान तिरकी केली. कान देऊन काहीतरी ऐकलं. खोलीत कुणीच काही विचारत नव्हतं.

“जिन्यावरून पडला तो,” त्याने उत्तर दिलं, आणि पुढच्या प्रश्नासाठी थांबला.