म्होरक्या नसलेले चिखलांडगे

चिखलांडग्यांचा कळप पुन्हा एकदा हरला, तोही एका फटक्यात.

"मी उडी मारून म्होरक्याचं मुंडकं उडवते!" असं म्हणून रझियाने फासे टाकले. दान मनासारखं पडलं आणि ती खुर्चीतच नाचायला लागली. "गेला म्होरक्या! आता बाकीचे पळणार. हो ना गं?"

शाल्मलीने नाइलाजाने मान हलवली. दोघी मैत्रिणी सुट्टीभर हा भूमिकांचा खेळ (यात खेळणारा स्वतः गोष्टीतलं पात्र होतो आणि पुढे काय घडणार ते फासे ठरवतात) खेळत होत्या. रझिया व्हायची तलवारबाज, आणि तिच्या वाटेवरची दलदल व त्यातले राक्षस शाल्मली रचायची. चिखलांडगे तिचे फार लाडके होते. बेडकासारखी ओली कातडी, लांडग्यासारखे जबडे, चिखलात राहून राहून जवळजवळ आंधळे झालेले डोळे. बिचारे कळपाने शिकार करायचे आणि दर वेळी म्होरक्या मेला की सैरावैरा पळत सुटायचे. शाल्मलीला त्यांची दया यायची.

"आत्या, खऱ्या कळपाचं असंच होतं का? म्होरक्या गेला की सगळं संपलं?" तिने विचारलं.

नलूआत्या ओट्यावर बसून एका यंत्राच्या पायातला गाळ काढत होती. समुद्र वर सरकल्यापासून खारवडे गावाचं कांदळवन (खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं दाट रान) पार वेशीपर्यंत आलं होतं. त्या रानाची देखरेख करण्यासाठी आत्याने वीतभर लांबीचे यंत्रमानव बनवले होते. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवटी माशासारखेच ते उड्या मारत, म्हणून सगळे त्यांना निवट्याच म्हणत.

"म्होरक्या हवाच असं तुला कुणी सांगितलं?" आत्या म्हणाली. "चल, अंगणात जाऊ. गल्लीतल्या पोरांना हाक मार."

पोरं जमली. आत्याने रझियाला मधोमध उभं केलं. "ही शिकार. बाकीचे चिखलांडगे. कुणी कुणाला हुकूम द्यायचा नाही, बोलायचंही नाही. फक्त माझे नियम पाळायचे. माग नसेल तोवर पांगून शोधायचं, पण शेजाऱ्यापासून फार लांब जायचं नाही. शिकारीचा माग लागला की तिकडे सरकायचं, आणि शेजारी वळला तर आपणही वळायचं. शिकारीपासून एक काठी अंतर राहिलं की पुढे जायचं नाही. तिथे पोचलात की फक्त शेजाऱ्यापासून जमेल तेवढं बाजूला सरकायचं. कळलं?"

सुरुवातीला नुसता गोंधळ झाला. दोघे एकमेकांवर आपटले, एक जण हसून हसून खाली बसला. मग हळूहळू पोरं रझियाभोवती पांगत गेली आणि शाल्मलीच्या लक्षात आलं की आपण एका वर्तुळात उभे आहोत. छान गोल, सगळीकडून बंद.

"गोल करा असं कोण म्हणालं?" आत्याने विचारलं.

कुणीच म्हणालं नव्हतं.

"मी हिला मारते!" रझियाने पुढे होऊन शाल्मलीला बाद केलं. वर्तुळात फट पडली. पण दोन्ही बाजूंची पोरं आपापल्या दुसऱ्या शेजाऱ्यापासून दूर सरकली आणि सरकता सरकता फट बुजून गेली.

"याला म्हणतात स्वयंसंघटन (वरून कुणाचा हुकूम नसताना आपोआप होणारी मांडणी)," आत्या म्हणाली. "प्रत्येकाला फक्त जवळचं कळतं. पूर्ण वर्तुळ कुणाच्याच डोक्यात नसतं. मुंग्यांच्या रांगा, पाखरांचे थवे, माशांच्या झुंडी अशाच चालतात."

शाल्मलीने विचारलं, "मग तुझ्या निवट्यांना का गं म्होरक्या दिलास?"

निवट्यांमधला एक मोठा होता, पिवळ्या पाठीचा. तो हुकूम द्यायचा आणि बाकीचे पाळायचे. "सोपं पडतं म्हणून," आत्या म्हणाली. "बदलायचं म्हणते खरं. राहूनच जातं."

त्याच दुपारी रझियाची आई धापा टाकत आली. रझियाचे नाना, म्हणजे दाऊदनाना, सकाळी खेकडे पकडायला कांदळवनात गेले होते. ओहोटी संपून भरती लागली तरी ते परतले नव्हते. होड्या काठाकाठाने फिरून आल्या. वरून ड्रोन फिरवला, पण गच्च पानांखालचं त्याला काही दिसेना. हाका मारल्या तर रानात आवाज चहूकडून घुमायचा, कुठून येतोय तेच कळेना.

आत्याने निवट्या सोडल्या. पिवळ्या पाठीचा पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे झाडांत शिरले. आत्याच्या हातातल्या पडद्यावर त्यांचे ठिपके सरकत होते. एकाएकी सगळे थांबले.

"काय झालं?" रझियाने विचारलं.

"म्होरक्या खाडीच्या फाट्यात पडला," आत्या म्हणाली. "तो बंद, म्हणून बाकीचे हुकमाची वाट बघत बसलेत."

पाणी मुळांवर चढत होतं. शाल्मलीने आत्याचा दंड धरला. "आत्या, माझ्या चिखलांडग्यांचे नियम दे ना त्यांना! माणसाचं अंग चिखलापेक्षा गरम असतं. त्यांना ऊब कळते ना? मग तीच शिकार!"

आत्याने पडद्यावर भराभर बोटं चालवायला सुरुवात केली. "माझा निरोप निदान काठाजवळच्या निवटीपर्यंत तरी पोचतो. ती शेजारणीला देईल, शेजारण पुढच्या शेजारणीला..."

ठिपके थरथरले. मग एकेक करून पांगायला लागले. जाळं फेकावं तसे ते झाडांखाली पसरत गेले. एक डावीकडे वळला, लगेच त्याच्या शेजारचे दोन वळले, त्यांच्यामागून आणखी. पडद्यावर वर्तुळ धरायला लागलं.

"सापडले!" रझिया ओरडली.

पण वर्तुळाच्या मधली ऊब उसळली, दोन ठिपक्यांच्या मधून निसटली आणि सुसाट निघून गेली. "कोल्हा होता," आत्या पुटपुटली. रझियाने तोंड ओढणीत लपवलं. शाल्मलीला वाटलं, झालं, आता सगळं विस्कटणार.

तसं झालं नाही. माग सुटताच वर्तुळ सैल पडलं, ठिपके पुन्हा पांगले आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात पुढे सरकले. कुणी त्यांना धीर दिला नव्हता. नियम तेच होते, म्हणून शोधही तोच चालू राहिला. दोन निवट्या पाण्यात बुडाल्या, तर त्यांच्या जागा शेजारच्यांनी भरून काढल्या.

आणि मग रानाच्या पार पोटात दुसरं वर्तुळ धरलं. या वेळी मधली ऊब हलत नव्हती. "दिवे लावा," आत्याने निरोप धाडला. प्रत्येक निवटीच्या पाठीवर हिरवा दिवा लागला. वर्तुळापासून काठापर्यंत, शेजारणीपासून लांब न जाण्याच्या नियमामुळे मागे राहिलेल्या निवट्यांची एक वेडीवाकडी माळ तयार झाली होती. माळेच्या कडेकडेने माणसं आत गेली.

नाना मांडीपर्यंत रुतले होते आणि पाणी छातीशी आलं होतं. एका फांदीला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली होती. फळ्या टाकून, दोर बांधून त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. रझिया त्यांच्या चिखलाने भरलेल्या अंगाला बिलगली ती सुटेचना.

आत्याच्या घरी चहाचा दुसरा पेला पोटात गेल्यावर नानांचा आवाज परत आला. "अगं, पाण्यात काठीभर अंतरावर चहूबाजूंनी हिरवे डोळे उघडले ना, मला वाटलं आता हे मला खाणार! कलमा म्हणून घेतला. पण सगळे तिथेच थांबले. ना पुढे येत, ना मागे जात. मग वाटलं, खाणारे असते तर एवढी अदब नसती दाखवली." सगळे हसले. नानांनी आत्याकडे पाहिलं. "बाई, यातल्या कुणी मला शोधलं? त्याचे आभार मानायचेत."

आत्याने शाल्मलीला खूण केली.

"नाना, कुणी एकाने नाही," शाल्मली म्हणाली. "तुम्ही कुठे आहात ते त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकीला फक्त शेजारची काय करते तेवढं कळत होतं. त्या सगळ्यांनी मिळून तुम्हाला शोधलं."

आत्या बाहेर बघत होती. "पुरात वेढलेलं गाव, कोसळलेली इमारत, नाहीतर चंद्रावरची विवरं," ती म्हणाली. "जिथे एकही हुकूम पोचत नाही, तिथेही या जातील. पुढच्या खेपेला पिवळ्या पाठीचा नकोच."

नाना जागेवरून उठले. लोक नको नको म्हणत असतानाही त्यांनी बादली मागवली, ओट्यावर फतकल मारली आणि परतलेल्या निवट्या एकेक करून मांडीवर घेतल्या. प्रत्येकीचा चिखल त्यांनी हाताने धुतला, आणि प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारून ते म्हणत गेले, "शुक्रिया, बेटा."