दोरीचं दुसरं टोक

धाकूनं खुंटीवरची दोरी काढली तेव्हा सूर्य अजून कारापूरच्या माडांवर होता. म्हणजे भुतांना काही घाई नव्हती, आणि धाकूलाही.

दोरी लांबलचक. तिला ओळीनं लोंबणाऱ्या गऱ्या, मध्ये मध्ये वजनाला खनिजाचे गोटे. खाण बंद पडली, पण तिच्या दगडांना धाकूनं नदीत नोकरी लावून दिली होती. दोरी या काठापासून त्या काठापर्यंत ताणायची, होडीतून गरीगरीला गांडूळ ओवायचं, आणि पहाटे मरळ नाहीतर वांब काढायची. काम दोघांचं. एक होडीत, एक काठावर टोक ताणून धरायला.

टोक धरायची त्याची बायको, कमलाक्षी. ती शिगम्यानंतर गेली.

"आता दोरी माळ्यार टाका, बाबा," मुलगा गौरेश म्हणाला. "टोक कोण धरतलो?"

"काठावरचो करंज धरतलो. तो तुझ्यासारखो फोन इलो म्हणून टोक सोडूचो नाय."

"हसण्यावारी नेव नका. एकटे गेलात तर दोरी जाळून टाकतलंय!"

पोरगा जाळेल, हे धाकूला ठाऊक होतं. आणि कमलाक्षीच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेलं ते टोकही जळेल, हेही. तरी गौरेश दुकानाकडे वळताच म्हातारा सटकला, लहानपणी शाळेतून सटकायचा तसाच.

काय दिवस होते ते! धाकू होडीतून दोरीला गदागदा हिसके द्यायचा. "मगर! गे कमळे, मगर!" काठावर ती किंचाळायची, त्याच्या सात पिढ्या काढायची, पण दोरी सोडायची नाही. मग सूड म्हणून काठाजवळच्या शेवटच्या गरीला करवंटी अडकवून ठेवायची. मोठा मासा समजून धाकू ओढत बसायचा आणि ती पोट धरून हसायची. करवंटीत खोबऱ्याचा एक तुकडा मात्र मुद्दाम न खवता सोडलेला असायचा. नवऱ्यासाठी. हिसक्यांची त्यांची भाषाही होती: दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे पुरे, घरी चल.

धाकूनं पलीकडचं टोक खुंटाला बांधलं, अलीकडचं करंजाला. नदीच्या मध्यावर पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. पाण्यावर धूर धरल्यासारखं धुकं. काठ दिसेना. कुठं बेडूकही ओरडेना...

तेवढ्यात दोरी सैल पडली. करंजाची गाठ सुटली होती. खनिजाचे गोटे तळाकडे निघाले, आणि जाता जाता एक गरी धाकूच्या बाहीत रुतली. हात कोपरापर्यंत पाण्यात. होडी कलंडली, पाणी आत यायला लागलं. "मगर" म्हणून बोंब ठोकावी, तर ऐकायला कोण?

आणि दोरी ताठ झाली.

कुणीतरी काठावरून ती हळूच, सवयीनं ताणली होती. हात वर आला. होडी सरळ झाली. मग दोन हिसके.

धाकू थांबला. बाहीतली गरी सोडवली. धुक्यातून मोगऱ्याचा वास येत होता... नदीवर, आणि कमलाक्षीच्या वेणीतल्या मोगऱ्याचा.

"गौरेश...? तू काय रे?"

तीन हिसके.

दोरीच्या आधारानं तो काठाला लागला. काठावर कुणी नव्हतं. टोक पाण्यात पडलेलं, कशालाच न बांधलेलं. इतक्यात वरच्या रस्त्यावर स्कूटरचा दिवा दिसला आणि गौरेश धापा टाकत खाली आला.

"बाबा! काय सांगलंय तुमका? द्या ती दोरी, आत्ताच जाळतंय!"

धाकू दोरी ओढू लागला. जड लागली. शेवटच्या गरीला, जिला त्यानं स्वतः गांडूळ ओवलं होतं, तिथं करवंटी लोंबत होती. ताजी खवलेली, कडेला एक पांढराशुभ्र तुकडा शाबूत.

गौरेशनं करवंटीला बोट लावून पाहिलं. घरातला आडाळो कमलाक्षी गेल्यापासून माळ्यावर पडला होता. त्यावर नारळ खवणारं कुणी उरलं नव्हतं.

धाकूनं तो तुकडा नखानं सोडवून तोंडात टाकला. गोड होता. डोळे पुसत तो हसला. "आजपण फसवल्यान माका रांडेन!"

दोरी गुंडाळायला म्हणून गौरेशनं पाण्यातलं टोक उचललं आणि तसाच उभा राहिला.

"बाबा... ह्या टोक गरम असा. कोणी मुठीत धरलेला असल्यासारख्या..."

"मगे सोडू नको," खोबरं चावत धाकू म्हणाला. "नीट धर."