आधारपेशींना रकाना नाही

"तुम्ही अर्धंच मांस तपासता, डॉक्टर, आणि सही मात्र पूर्ण ठोकता!"

प्रयोगशाळेतल्या ताईने प्रमुखांना तोंडावर सुनावलं. टेबलावर तिच्या वडिलांचा, आप्पांचा रिपोर्ट होता: प्रोस्टेटची गाठ काढली, बाकी निरोगी. यावर सही पडली की फाइल बंद, पुढच्या तपासण्याही बंद.

छापील कागदावर कर्करोगाच्या पेशींना रकाना होता. त्यांना चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या आधारपेशींना नव्हता. रकाना नाही म्हणून टाकून द्यायच्या, ही इथली पद्धत. ताईने त्या वेगळ्या बशीत वाढवल्या. शेजारच्या बशीत गाठीच्या पेशी एकट्या मरगळून पडल्या होत्या; आधारपेशींखालचा द्रव दोन थेंब दिला आणि त्या फोफावल्या.

"हे तर पुस्तकात आहे," प्रमुख म्हणाले.

"मग कागदावर का नाही?"

"रकाने मी छापत नाही, ताई. आणि ती आधारपेशींची बशी टाकायला सांगितली होती."

"टाकली. सोमवारी. उकळून."

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, गाठीच्या पेशी बशीच्या एकाच कडेला गोळा झाल्या होत्या. तिने बशी फिरवली. दुपारी त्या पुन्हा त्याच दिशेला. बशी कलली असेल म्हणून तिने गवंड्याची पाणसळ मागून आणली; बुडबुडा बरोबर मध्ये. कपाट बदललं, खोली बदलली. दर वेळी कागदावर बाण काढला. सगळे बाण एका ठिकाणी मिळत होते: वॉर्डातली आप्पांची खाट.

आज आप्पांना घरी सोडणार होते.

"काय गं, बापाला बाहेर किती वेळ बसवणार?" आप्पा दारातून डोकावले. "बाकसुद्धा कंटाळला माझ्या वजनाला."

ताईने बशी मायक्रोस्कोपखाली सरकवली. "बघा."

प्रमुख वाकले. पेशी दाराकडच्या कडेला दाटल्या होत्या.

"आप्पा, खिडकीपाशी या जरा."

"आता कवायत का?" आप्पा हसत चालू लागले.

प्रमुखांनी डोळा भिंगावरून हलवला नाही.

पेशी सरकत होत्या. आप्पांच्या चालीने.

आप्पा थांबले. पेशी थांबल्या.

"कंबर धरलीय जरा," आप्पा पाठीचा मणका चोळत म्हणाले. "चार दिवस झाले. खाट कडक होती."

प्रोस्टेटचा कर्करोग पसरला की बहुधा आधी मणक्यात जातो, हे प्रमुखांना ठाऊक होतं; त्यांनी पेनाला टोपण लावलं.

ताईने ते काढलं आणि पेन परत त्यांच्या हातात दिलं.

"गाठ तुम्ही काढलीत, आधारपेशींची बशी मी उकळली. मग आप्पांच्या अंगात अजून कोण आहे, ह्या कुणाकडे चालल्यात, डॉक्टर? उत्तर लिहा. लिहिल्याशिवाय मी इथून हलणार नाही."