बंद स्टेशनातला खोकला

"थांब, बॉल मारू नकोस! खालून कुणीतरी खोकलं!" सोलेन ओरडली.

पॅरिसच्या शाळांना शरदातली सुट्टी लागली होती. सोलेन, तिचा धाकटा भाऊ कोरांतँ आणि शेजारचा इद्रिसा फुटपाथवरच्या लोखंडी जाळीपाशी खेळत होते. जाळीखाली दुसऱ्या महायुद्धापासून बंद पडलेलं मेट्रो स्टेशन होतं. तिथे आता झकपक रेस्टॉरंट होणार होतं.

"भूत असेल!" कोरांतँ म्हणाला.

"भुताला सर्दी होते का रे, शहाण्या?" इद्रिसाने वाकून दगडाने जाळीवर ठोकलं. ठक ठक!

खालून अगदी क्षीण उत्तर आलं. ठक... ठक.

तिघांचे चेहरे पांढरे पडले.

रेस्टॉरंटच्या बांधकामावर देखरेख करणारे ब्रेशेसाहेब जवळच कॉफी पीत उभे होते. "पाइप वाजतात ते," ते म्हणाले. "परवाच खालच्या दाराला नवं कुलूप घातलंय. चला, सरका! हा जाळीचा झरोका काँक्रीटने बुजवायचाय."

"कुलूप घालण्याआधी आत पाहिलं होतंत?" सोलेनने विचारलं.

"आता तू मला शिकवणार?"

काँक्रीटची गाडी घरघरत मागे येऊ लागली. सोलेनने दोघांकडे पाहिलं. क्षणात तिघंही जाळीवर आडवी झाली! ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

"उठा! वेड लागलंय का?" ब्रेशेसाहेब ओरडले.

"हवं तर आमच्यावर विश्वास ठेवू नका, साहेब," इद्रिसा म्हणाला. "फक्त इंजिन बंद करा आणि मिनिटभर गप्प राहा. काही ऐकू आलं नाही, तर आम्ही निमूट घरी जातो."

इंजिन थांबलं. रस्ता शांत झाला. आणि जाळीतून कोरडा, दमलेला खोकला वर आला.

ब्रेशेसाहेब किल्ल्या घेऊन धावत सुटले.

थोड्या वेळाने दोन कामगारांनी म्हाताऱ्या आन्सेल्मना धरून वर आणलं. रोज बेकरीबाहेर बसणारे आन्सेल्म! थंडीमुळे ते खाली झोपायला जात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचे ओठ फुटले होते. त्यांनी कोरांतँचा हात घट्ट धरला.

"उद्यापर्यंत उशीर झाला असता," अँब्युलन्समधली डॉक्टर म्हणाली. "शाबास रे पोरांनो!"

"तुम्ही नसतात तर माझ्या हातून..." ब्रेशेसाहेबांनी हातातल्या किल्ल्या खिशात टाकल्या. "रेस्टॉरंट उघडलं की पहिले पाहुणे तुम्हीच!"

"आणि दवाखान्यातून सोडल्यावर आन्सेल्मकाका झोपणार कुठे?" सोलेनने विचारलं.

ब्रेशेसाहेबांनी फोन काढला. बेघरांच्या निवाऱ्यांपैकी पहिल्या दोन ठिकाणी जागा नव्हती. ते तिसरा नंबर लावू लागले. मुलं त्यांच्याकडे बघत तिथेच उभी राहिली.