भेग कुठे गेली?

"पोहायला कधी जायचं?" छोटीने दहाव्यांदा विचारलं.

"आधी माझ्या पुलाचा निकाल लागू दे!" मावशी म्हणाली. ती पूल तपासायची आणि सुट्टीत राहायला आलेली तिन्ही भाचरं, दादा, चश्मिश आणि छोटी, दिवसभर तिच्या मागे मागे!

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला.

"बाई, तुमच्या फोटोत भेगबिग काही दिसत नाही. पादचारी पूल आज चारला खुला करतोय!"

"अहो साहेब, मी डोळ्यांनी पाहिलीय! आठवड्यात दोन बोटं वाढलीय!"

"मग फोटोत दाखवा ना!" फोन बंद!

मावशीचा चेहरा एवढासा झाला. त्या पुलावर कुणाला काही झालं तर?

"मावशी खोटं बोलत नाही. म्हणजे फोटोच खोटं बोलतोय!" चश्मिश म्हणाला. त्याने मावशीच्या फोनमधला आज सकाळचा मूळ फोटो उघडला. भेग स्पष्ट होती, टोकाशी पेन्सिलने घातलेली तारीखसुद्धा! मग ऑफिसच्या ॲपमधून पाठवलेला तोच फोटो उघडला, तर खांब अगदी गुळगुळीत!

"सहा एमबीचा फोटो, ऐंशी केबी झालाय! पाठवायच्या आधी ॲप फाइल लहान करतंय. बारीक रेघा आधी पुसल्या जातात!"

मावशीने कपाळावर हात मारला. "साहेबच कुरकुरत होते, फोटो उघडायला वेळ लागतो म्हणून. त्यांनीच ऑफिसातून सगळ्यांचं असं करून टाकलं असणार! मला ते बदलता येत नाही."

"परत फोन लाव!" दादा म्हणाला. लावला. साहेब उचलतील तर शपथ!

साडेतीन वाजले होते.

"पण अख्खा पूल कशाला पाठवतेस?" छोटी वैतागली. "आभाळ, कठडा, खांब, सगळंच! नुसती भेग पाठव ना!"

सगळे तिच्याकडे बघतच राहिले.

"अगं, खरंच! फोटोत तेवढंच असेल, तर लहान केला तरी भेग राहील!" चश्मिशने उडीच मारली.

चौघं धावत पुलाखाली पोहोचली. वर कामगार अडथळे हटवायला लागले होते. दादाने भेगेशेजारी मोजपट्टी धरली. भेग सकाळच्या खुणेच्याही बोटभर पुढे गेली होती! मावशीने अगदी जवळून फोटो काढला, भेगेपुरताच कापला आणि पाठवला. ॲपमधून उघडून पाहिला. भेग जागच्या जागी होती!

पाचच मिनिटांत वरून हाक आली, "थांबा! अडथळे परत लावा!" आणि पूल खुला करायला आलेले साहेब स्वतः धापा टाकत जिना उतरून आले. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं आणि त्यांचा आवाजच खाली आला.

"बाई, चुकलं माझं. इथवर यायला हवं होतं मी. फोटोंचं आजच पहिल्यासारखं करतो. आणि ही कल्पना कुणाची?"

तिघांनी छोटीला पुढे ढकललं.

"शाबास! आमच्या ऑफिसात येतेस का?"

"सुट्टी संपल्यावर बघू," छोटी म्हणाली. "आत्ता पोहायला जायचंय!"

मावशी खळखळून हसली. खूप दिवसांनी तिला इतकं हलकं वाटत होतं. तिने कानामागची पेन्सिल काढून छोटीच्या हातात दिली. छोटीने टाचा उंचावल्या, जीभ बाहेर काढली आणि भेगेच्या नव्या टोकाशी सुवाच्य अक्षरात आजची तारीख घातली.